सात परस पाणी

आमच्या धुळाजींच्या उजव्या कानामागे, कातडीच्या आत, बंद्या रुपयाएवढं एक चपटं यंत्र बसवलेलं आहे. त्यातून एक तार निघते आणि कानाच्या आतल्या शंखात जाते. बाहेरून त्या जागेवर लोहचुंबकाचा एक बिल्ला चिकटतो आणि बिल्ल्याची वायर कानावर अडकवलेल्या यंत्राला जोडलेली असते. बिल्ला काढला की माझा नवरा ठार बहिरा. बिल्ला बसवला की ऐकू येतं. एवढी साधी गोष्ट आहे, पण इतकी वर्षं वाडीला समजावून सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले. अजूनही कुणी विचारतं, त्यात रेंज येते का. एका शहाण्यानं तर गाणी लागतात का म्हणून विचारलं होतं. त्याला मी काय उत्तर दिलं ते इथं लिहिता येणार नाही.

माझं नाव कडूबाई. माझ्याआधीची दोन लेकरं गेली, म्हणून दृष्ट लागू नये असं नाव आईनं ठेवलं. दहावी झालेली आहे, दूध संस्थेत फॅट मोजायला बसते, आणि नवऱ्याचं नाव बोलताना घेत नसले तरी लिहिताना घेते. लिहिताना कुणाचं काय जातं?

धुळाजी मेंढपाळाच्या घरचे. पण लहानपणापासून त्यांचा जीव मेंढ्यांपेक्षा विहिरींत जास्त. नांदूरघाटच्या आसपास कुणाची घागर पडली, मोटर अडकली, कोकरू पडलं की बोलावणं धुळाजींना. कधी कधी माणसासाठीही जावं लागायचं, पण त्याबद्दल ते घरी येऊन काही सांगत नसत. न जेवता झोपत, एवढंच.

मग सहा वर्षांपूर्वी त्यांना मेंदूत गेलेला ताप आला. औरंगाबादला दवाखान्यात एकवीस दिवस काढले. ताप उतरला आणि जाताना दोन्ही कान घेऊन गेला. पुढचे आठ महिने आजही आठवले की मला ते सगळं धुक्यातून दिसतं. धुळाजी ओट्यावर बसलेले असत आणि रस्त्यानं जाणाऱ्या माणसांची तोंडं बघत. मी पाटीवर लिहून विचारायची, जेवायला वाढू का? ते मान हलवायचे. हळूहळू मीही लिहिणं बंद केलं आणि नुसतं ताट समोर ठेवू लागले. एकाच घरात राहून आम्ही एकमेकांपासून कोस कोस लांब गेलो होतो, आणि भांडायचीसुद्धा सोय राहिली नव्हती.

एका ट्रस्टनं ऑपरेशनची जबाबदारी घेतली. ही मदत एकदाच, पुन्हा मिळणार नाही, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं होतं. महिन्याभरानं बीडच्या कानाच्या मॅडमनी ते यंत्र पहिल्यांदा चालू केलं. मी म्हटलं, "ऐकू येतं का?" धुळाजी दचकले आणि म्हणाले, "पत्र्याच्या डब्यात मेंढी वरडायली." मॅडम हसून हसून लाल झाल्या. पण त्याच डब्यातून हळूहळू माझा आवाज बाहेर आला, मग कुकरची शिट्टी, मग एसटीचा हॉर्न, मग आमच्या मुक्ताचा फोन. मुक्ता बीडला नर्सिंगला आहे. दर रविवारी फोन करते आणि बापाशी अर्धा तास बोलते, माझ्याशी दोन मिनिटं. बारीक आवाज मात्र त्या यंत्राला पकडता येत नाहीत. पानांची सळसळ, थेंब पडलेला, शेजारी झोपलेल्या माणसाचा श्वास. ते सोडून द्या, असं मॅडम म्हणाल्या. आम्ही सोडून दिलं.

विहिरींत उतरणंही त्यांनी सोडलं होतं. कधी तरी संध्याकाळी मात्र ते पाण्याखालच्या गोष्टी सांगत. खाली उजेड हिरवा असतो, मग काळपट होतो, मग आपला हात आपला वाटत नाही. वेळ तिथं चालत नाही, बसून राहते. "आन एक सांगू का कडू," ते म्हणायचे, "पाण्याखाली समदेच बहिरे. तिथं माझ्यात आन दुसऱ्यात काई फरक न्हाई." मी म्हणायची, आता तुमाला फरक करायची गरज न्हाई, गप झोपा. पण ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं होतं.

आता मूळ गोष्टीवर येते.

त्या साली पाऊस सलग तिसऱ्यांदा चुकला. दिवसांना कडा राहिल्या नव्हत्या. सकाळी उठावं तर दुपारच असायची. तलाव आकसत आकसत गेला आणि त्याच्या पोटातून जुना गाडीरस्ता वर आला, दोन्ही बाजूंना बाभळींचे काळे बुंधे घेऊन. तीस वर्षं पाण्याखाली राहिलेल्या त्या रस्त्यानं आम्ही आता जा-ये करत होतो. चालताना मला उगाच वाटायचं की डोक्यावर पाणी आहे आणि आपण तळातून चाललो आहोत. ऊन इतकं पांढरं होतं की समोरून येणारा माणूस आधी तरंगायचा आणि मग जवळ यायचा.

तलावाच्या मधोमध आमच्या उपसा सिंचन सहकारी संस्थेची गोल दगडी विहीर आहे. तलाव भरलेला असतो तेव्हा ती पाण्यात उभी असते. आता ती कोरड्या गाळात एकटी उभी होती. पण तिचा तळ खडकात खूप खाली नेलेला असल्यामुळे आत पाणी होतं, आणि तेवढंच पाणी राहिलं होतं. संस्थेनं तलावाच्या कोरड्या पात्रातच जनावरांची छावणी उघडली होती. सातशे जनावरं. माणसांसाठी टँकर यायचा, जनावरांना या विहिरीचं पाणी. आमची एक गायही त्यातच बांधलेली होती.

वैशाखात एका दुपारी वावटळ उठली आणि छावणीच्या छपराची निळी ताडपत्री घेऊन गेली. ती आकाशात लांब कुठंतरी जाईल असं वाटलं, पण ती वर जाऊन थांबली, गिरकी घेतली आणि बरोबर विहिरीत पडली. सगळे नुसते बघत राहिले. मोटर चालू होती. मोटरनं पाणी ओढलं तशी पाण्याबरोबर ताडपत्रीही ओढली, आणि तळाशी बसलेल्या मोटरच्या जाळीभोवती ती गच्च गुंडाळली गेली. पाणी बंद झालं.

मोटर वर ओढायची साखळी गंजून आधीच तुटलेली. क्रेन यायला रस्ता नाही, गाळात चाक रुततं. तहसीलला अर्ज गेला तर पाणबुडे आठ दिवसांनी येतील असं कळलं. वाडीतले पोहणारे गडी ऊसतोडीहून अजून परतले नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संस्थेचे चेअरमन अर्जुनराव आमच्या दारात उभे राहिले. मोठा शेतकरी, बोलायला गोड. चहा घेतला, मुक्ताची चौकशी केली, उन्हाबद्दल बोलले. मी म्हटलं, मुद्द्यावर या.

"धुळाजी, तुमच्याबिगर हे काम दुसऱ्याच्यानं व्हनार न्हाई," अर्जुनराव म्हणाले.

"त्येंच्या डोक्यात यंत्र हाय," मी म्हटलं. "खाली पान्याचा दाब किती असतो ठाव हाय का तुमाला? आतल्या आत चेपलं म्हंजे? तुमी देनार का दुसरं?"

"बाहेरचं काढून ठेवता येतं की, वैनी."

"बाहेरचं काढता येतं. आतलं काय कातडं फाडून काढू?"

धुळाजी बिल्ल्याची वायर बोटाला गुंडाळत होते. ते अर्जुनरावांकडेही बघत नव्हते आणि माझ्याकडेही नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ताप आल्यापासून पाहिलं नव्हतं. कुणीतरी त्यांना नावानं बोलवायला आलं होतं. मला ते दिसलं आणि माझा संताप आणखी वाढला, कारण संताप कुणावर काढावा ते कळेना.

अर्जुनराव गेल्यावर मी घर डोक्यावर घेतलं. म्हटलं, गाईगुरांचं मला कळत न्हाई का, पर तुमचे कान गेले तर आठ म्हैने पुन्हा मी भिंतीशी बोलू का? मुक्ताचा फोन आला तर मी उचलून म्हनू का की बाप मेला? ते सगळं ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "मॅडमला इचार. त्या न्हाई म्हनल्या तर मी विहिरीच्या काठाला सुदिक जानार न्हाई."

मॅडमना मी सकाळी सातला फोन लावला. त्या आधी घाबरल्या, मग शांतपणे एकेक सांगू लागल्या. बाहेरचं यंत्र पाण्याजवळसुद्धा न्यायचं नाही. आतलं मात्र हवाबंद, सगळीकडून सील केलेलं असतं, पाण्यानं त्याला काही होत नाही. प्रश्न दाबाचा. दर दहा मीटरला वरच्या सगळ्या हवेएवढा दाब वाढतो. कंपनीनं हे यंत्र पंधरा मीटर पाण्याच्या दाबापर्यंत तपासून बघितलं आहे. "त्याच्या आत असेल तर जाऊ द्या. पण हळूहळू उतरायचं, कानात दडा बसला तर लगेच वर यायचं, डोक्याला मार लागू द्यायचा नाही. पंधराच्या पुढं काय होईल ते मला माहीत नाही, कडूबाई, आणि जे माहीत नाही त्याला मी हो म्हणणार नाही." मला त्या बाईचा हा स्वभाव आवडतो.

पंधरा मीटर म्हणजे एकोणपन्नास फूट. आता विहीर किती खोल? संस्थेचं दप्तर काढलं. विहीर खोदली तेव्हाचं रजिस्टर, पिवळं पडलेलं. त्यात लिहिलेलं होतं: लाल पट्ट्यापासून तळापर्यंत सात परस पाणी. आमच्याकडे विहिरी परसानं मोजतात. माणूस हात वर करून उभा राहिला की एक परस, हिशेबाला सहा फूट धरतात. सात सक बेचाळीस. आणि पाणी आज बरोबर विहिरीच्या आतल्या दगडांवर रंगवलेल्या त्या लाल पट्ट्याला होतं. म्हणजे सात फूट हातचे राहिले. अर्जुनरावांनी रजिस्टर मिटलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही विहीर त्यांनीच कमी खोल केली होती.

आज मी स्वतःलाच विचारते, एक दगड दोरीला बांधून खाली सोडायला काय झालं होतं? आम्ही तिथं दहा-बारा जण होतो, त्यातले तीन पदवीधर, आणि मी स्वतःला फार हुशार समजणारी. कुणालाही ते सुचलं नाही. रजिस्टरात लिहिलेलं होतं, खाली सह्या होत्या, शिक्का होता. संस्थेच्या दप्तरावर आमच्या माणसांचा देवाइतका विश्वास. मीही त्यातलीच.

पण मी एक केलं. धुळाजींच्या कमरेला बांधायचा दोर मीटरपट्टीनं मोजला. काम करताना त्यांचं डोकं खाली असतं म्हणून चार फूट वजा केले, आणि कमरेपासून पंचेचाळीस फुटांवर माझ्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली. त्यांना दाखवून म्हटलं, "ही चिंधी पान्याला लागली की मी वढनार. काम झालेलं असो न्हाईतर नसो."

"वढ," ते म्हणाले.

दोर धरायचा मान बायकोच्या भावाचा असतो. बुडी मारणाऱ्याला काही झालं तर त्याच्याच बहिणीचं कुंकू जाणार, म्हणून तो दोर सोडत नाही, असा त्यामागचा हिशेब. माझा भाऊ सटवा तिकडे उसाच्या फडात. म्हणून दोर मी धरणार असं मी सांगून टाकलं. दोन-चार जणांनी नाकं मुरडली, पण समोर येऊन बोलायची कुणाची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला आम्ही उतरलो. ऊन सरळ विहिरीत पडतं तेव्हाच तळापर्यंत थोडा उजेड जातो, म्हणून बुडी भर दुपारी मारायची असते. विहिरीत आतून लोखंडी पायऱ्या आहेत आणि लाल पट्ट्याच्या वर हातभर एक दगडी ओटा. त्या ओट्यावर धुळाजी, मी आणि म्हातारे भगवानराव. भगवानराव संस्थेचे सगळ्यात जुने सभासद, विहीर खोदली जात होती तेव्हा ते इथं हजेरी लिहायला होते. बाकीची चाळीसेक माणसं वर कठड्यावर ओणवी झालेली. पाण्यात आभाळाचा एक गोल तुकडा पडला होता आणि त्याच्या कडेनं त्या चाळीस डोक्यांची काळी माळ.

धुळाजींनी बिल्ला काढला, कानावरचं यंत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. मी ते कोरड्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डबीत ठेवलं. डबीचं झाकण लागलं त्या क्षणी ते माझ्यापासून लांब गेले. समोर उभे होते, पण गेले. कमरेला विळा, कमरेला दोर. एक हिसका म्हणजे ओढ, दोन हिसके म्हणजे ढील दे. त्यांनी माझ्याकडे बघून डोळे मिटले आणि उघडले, आणि पाण्यात उतरले.

आमच्याकडे दोर पाण्यात असेपर्यंत काठावर कुणी बोलत नाही. आणि बुडी मारणारा वर आल्यावरही पहिला शब्द त्याचाच. म्हणतात की माणूस आधी वर येतो, त्याचा जीव मागून येतो. तो येऊन पोचेपर्यंत हाक मारायची नाही, नाहीतर जीव दचकून परत फिरतो. खरं-खोटं देव जाणे. पण हा नियम मोडलेला माझ्या माहितीत नाही. अर्जुनरावांसारखा माणूस, ज्याला मंगलाष्टकं चालू असताना फोनवर बोलायला लाज वाटत नाही, तोसुद्धा इथं तोंडाला कुलूप लावून उभा होता.

दोर माझ्या तळहातांतून सरकत होता. हळू, थांबत थांबत, मॅडमनी सांगितलं होतं तसा. मी मनात आकडे मोजत होते. पंधरा. वीस. धुळाजी आधी हिरवे झाले, मग काळपट, मग पाण्यानं त्यांना पुसून टाकलं. वर इतकी माणसं होती आणि इतकी शांतता होती की मला वाटलं मीच बहिरी झाले आहे. ऊन पाण्यावर हलत होतं आणि त्याची सोनेरी जाळी समोरच्या दगडांवर सावकाश वर-खाली होत होती. मला लग्नाचा मांडव आठवला, मुक्ताचा पाळणा आठवला, आणि ते आठ महिने आठवले, पाटीवर पुसट झालेली माझी अक्षरं. सगळं एकाच वेळी, त्या जाळीत अडकल्यासारखं. मी जागी होते की नव्हते, मला सांगता येणार नाही.

चाळीसला मी चिंधी पाहिली. ती माझ्या हातातून गेली आणि पाण्याकडे निघाली.

ती वरच थांबायला हवी होती. रजिस्टराप्रमाणे तिच्या खाली दोन-चार हात दोर कोरडा राहायला हवा होता. चिंधी पाण्याला टेकली. मी मूठ आवळली. दोर ताणला गेला, थांबला. आणि खालून दोन हिसके आले. ढील दे.

मी भगवानरावांकडे पाहिलं. म्हातारा पाण्यातल्या त्या लाल ठिपक्याकडे बघत होता आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. बोलता येत नव्हतं. त्यानं आपला उजवा हात वर केला, सरळ, जेवढा जाईल तेवढा. मग टाचा उचलल्या आणि आणखी वर केला, आणि त्याच्याही वर बोटानं एक जागा दाखवली. मग ओठ हलवून, आवाज न काढता, एक नाव घेतलं. धोंडीराम.

धोंडीराम वडार. ही विहीर ज्यानं खोदली तो. मी त्याला बघितलेलं नाही, पण त्याच्या उंचीच्या गोष्टी वाडीत अजून सांगतात. दारात वाकायचा आणि तरी कपाळ आपटून घ्यायचा. तळाशी उभं राहून त्यानंच हात वर करून मापं दिली होती आणि भगवानरावांनी वरून ती लिहून घेतली होती. परस धोंडीरामचा होता. साडेसात फुटांचा. सात परस म्हणजे बावन्न-त्रेपन्न फूट, आणि मोटर अगदी तळाशी होती.

पुन्हा दोन हिसके.

ओढलं असतं तर ते वर आले असते. कान राहिले असते. मी तसं बोललेही होते, आणि ते "वढ" म्हणालेही होते. तो दोर माझ्या मुठीत होता, दुसऱ्या कुणाच्या नाही. मी वर बघितलं. चाळीस चेहरे खाली वाकलेले, ऊन त्यांच्या मागून येत असल्यामुळे एकाचंही नाक-डोळे दिसत नव्हते, पण ते सगळे माझ्या मुठीकडे बघत होते एवढं मला कळत होतं.

मी मूठ सैल केली. चिंधी पाण्याखाली गेली. आधी लाल, मग तपकिरी, मग नाही.

किती वेळ गेला ते मला ठाऊक नाही. आकडे मोजायचं मी विसरले. ती सोनेरी जाळी दगडांवर हलत राहिली. मग एक हिसका आला, आणि मी आणि भगवानराव दोघांनी मिळून ओढायला सुरुवात केली. हात सोलून निघाले. काळपट पाण्यातून आधी एक निळा तुकडा वर आला, मग तो धरलेला हात, मग डोकं. ताडपत्री निघाली होती. वरच्या चाळीस डोक्यांत एक लाट गेली, पण आवाज एकाचाही निघाला नाही.

धुळाजींना ओट्यावर घेतलं. ते गुडघ्यांत डोकं घालून श्वास ओढत बसले. मी पदरानं त्यांचं डोकं पुसलं, कानामागची जागा हलक्या हातानं टिपली. ती सुजलेली नव्हती, तांबडी नव्हती, पण आत काय झालं ते कातडीला काय माहीत? डबी उघडली. यंत्र हातातून दोनदा निसटलं. ते कानावर अडकवलं. बिल्ला नेला, तो चट्‌कन आपोआप चिकटला. हिरवा दिवा लागला. हिरवा दिवा म्हणजे बाहेरचं यंत्र चालू, बस. आतल्याची खबर त्या दिव्याला नसते.

धुळाजींनी मान वर केली. थांबले.

कुणी बोललं नाही. पहिला शब्द त्यांचा. चाळीस माणसं श्वास रोखून त्यांच्या शब्दाची वाट बघत होती, आणि ते आमच्यापैकी कुणाच्या तरी आवाजाची. मोटर बंद, वारा पडलेला, छावणी लांब. जे काही बारीक होतं ते त्या यंत्राला पकडता येत नव्हतं. ते इकडे-तिकडे बघू लागले. मग त्यांनी बिल्ला काढला, पुन्हा लावला. पुन्हा थांबले. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि मला कळलं की ते आता बोलणारच नाहीत. बोलले आणि स्वतःचा आवाज ऐकू आला नाही, तर मग शंका उरणार नव्हती. तेवढी शंका त्यांना हवी होती. ते नियम विसरले होते. आणि वरची माणसं नियम पाळत होती.

मलाही वाटलं, गेलं. सगळं गेलं. आणि मीच घालवलं.

मग मला काही आवरेना. त्यांचा जीव दचकून परत जावो नाहीतर कुठंही जावो, मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि बोलले. बहिऱ्या माणसाशी बोलावं तशी बोलले, कारण मला माझ्या डोक्यातलं बाहेर टाकायचं होतं, त्यांना सांगायचं नव्हतं.

"चिंधी बुडाली ती मी बगितली," मी म्हटलं. "मला समदं दिसत व्हतं. भगवानरावांनी खुनेनं सांगितलं व्हतं. मी वढायचं व्हतं, मी वढलं न्हाई. गाईसाठी न्हाई, कशासाठी न्हाई. वरून लोक बगायले व्हते, म्हनून वढलं न्हाई. त्यांनी मला भित्री म्हनू नये म्हनून. आन तुमी दोन हिसके दिले तवा मला लई बरं वाटलं, पयल्यासारखं, म्हनून बी वढलं न्हाई. तुमचे कान मी घालीवले. आता मला रोज बगा आन रोज शिव्या द्या, मला चालंल."

ते माझ्या तोंडाकडे बघत होते, जसे त्या आठ महिन्यांत रस्त्यानं जाणाऱ्या माणसांच्या तोंडाकडे बघायचे. मग त्यांनी वर कठड्याकडे नजर टाकली. मग पुढं वाकून, ओल्या हातानं माझं मनगट धरून, ते बोलले.

"हळू बोल, कडू. वर समदे ऐकायलेत."

मी त्यांच्या ओल्या पाठीत एक जोरात धपाटा घातला आणि तिथंच, चाळीस माणसांच्या देखत, गळा काढून रडायला लागले.